शाफ्टचे फायर-रेटेड दरवाजे: लातूरच्या मुलींच्या वसतिगृहातला अनुभव

निकाल आधीच सांगून टाकते. विजेच्या शाफ्टला, म्हणजे केबल खालून वर नेणाऱ्या उभ्या बंदिस्त कप्प्याला, बसवलेले आग अडवणारे दरवाजे चांगले आहेत. ते बसवणारी माणसं त्याहून चांगली निघाली. पैसे पोचल्यानंतरची कंपनीची सेवा मात्र ढिली आहे. तरीही कुणी विचारलं तर मी हेच दरवाजे घ्या म्हणेन, फक्त कुलपाचं आणि खालच्या रंगाचं ऑर्डर देतानाच बोलून घ्या. सविस्तर लिहिते आहे, कारण आमच्या ट्यूशन एरियात गल्लोगल्ली वसतिगृहं आहेत आणि मी पाहिलेल्या बहुतेक ठिकाणी जिन्याशेजारच्या विजेच्या शाफ्टला अजून प्लायचंच दार आहे.

आमचं वसतिगृह खाडगाव रोडच्या बाजूला. खाली पार्किंग, वर पाच मजले. राहणाऱ्या सगळ्या मुली नीटची तयारी करणाऱ्या. हिंगोली, परभणी, नांदेड, बीड, धाराशिव अशा ठिकाणांहून आलेल्या. आई-बाप गावाकडे शेतात आणि सतरा वर्षांची पोर इथे माझ्या भरवशावर. प्रत्येक मजल्यावर जिन्याला लागून दोन शाफ्ट आहेत, एक विजेचा आणि एक पाण्याच्या पाइपांचा. खालच्या मीटररूममधून निघालेली मोठी केबल विजेच्या शाफ्टमधून पाचव्या मजल्यापर्यंत जाते, प्रत्येक मजल्याचा डीबी (वीज वाटणारा बोर्ड) त्यातच आहे. त्याला सनमायका मारलेलं प्लायचं दार होतं, हवा खेळावी म्हणून वरच्या भागात जाळी. आत केबलच्या जोडीला झाडू, फिनेलचे कॅन, जुन्या गाद्या.

अशी रचना किती घातक असते हे समजायला दूर जायला नको. ३ एप्रिल २०२४ च्या पहाटे छत्रपती संभाजीनगरच्या छावणीत तळमजल्यावरच्या कपड्याच्या दुकानाला आग लागली आणि वर राहणाऱ्या एकाच घरातली सात माणसं गेली. ज्वाळा त्यांच्यापर्यंत पोचल्याच नव्हत्या, ती गेली धुराने गुदमरून. त्याच्या आदल्या वर्षी, १५ जून २०२३ ला, दिल्लीत मुखर्जीनगरच्या क्लासच्या इमारतीत जिन्याजवळच्या वीज मीटरपासून आग लागली. जिना धुराने भरला आणि पोरं वायरी-दोऱ्या धरून खिडकीतून खाली उतरली. मीटर, केबल आणि जिना एका जागी असले की हेच होतं. शाफ्ट म्हणजे इमारतीच्या पोटातलं धुराडं. खाली पेटलं की धूर काही क्षणांत वर, आणि वर त्याला प्लायच्या जाळीतून थेट मुलींच्या पॅसेजमध्ये वाट.

आमच्या फायर सल्लागारांनी १२० मिनिटांचे, म्हणजे तितका वेळ आगीत टिकणारे, दरवाजे सांगितले. शाफ्टची भिंत दोन तास टिकणारी असेल तर तिच्यातलं दारही तितकंच टिकायला हवं, एवढं साधं गणित आहे. भिंत दोन तासांची आणि दार वीस मिनिटांचं, तर ती भिंत वीस मिनिटांचीच झाली.

दर मागवायला सुरुवात केली तेव्हा पहिल्या एका पुरवठादाराने फोनवरच सांगितलं, ‘मॅडम, साधं लोखंडी दार घ्या, वर फायर डोअरचं स्टिकर लावून देतो, तपासणीत कुणी बघत नाही.’ त्या माणसाशी पुढे बोलण्यासारखं काही उरलं नाही. स्टिकरला आग घाबरत नाही. खऱ्या दाराच्या बिजागरीच्या बाजूला, पाल्याच्या (दाराच्या उघडणाऱ्या फळीच्या) जाडीवर, धातूची पट्टी रिव्हेट केलेली असते. तिच्यावर बनवणाऱ्याचं नाव, किती मिनिटांचं दार, कोणत्या मानकाप्रमाणे तपासलं आणि अनुक्रमांक कोरलेला असतो. आपल्याकडे आयएस ३६१४ हे मानक आहे. ब्रिटिश बीएस ४७६ भाग २२ प्रमाणे तपासलेली दारंही बाजारात मिळतात. तो अनुक्रमांक बिलावर आणि चाचणी प्रमाणपत्रासोबतच्या यादीत आला पाहिजे. आमच्या प्रत्येक दाराचा आला.

चाचणीचा अहवाल मागितला की पुरवठादार पहिलं पान पाठवतात, तेवढ्यावर समाधान मानू नका. आतल्या पानांवर दोन गोष्टी असतात. एक, किती मापाचं दार चाचणीच्या भट्टीत घातलं होतं. एक पाल्याचं छोटं दार तपासलेलं असेल आणि तुम्हाला दोन पाल्यांचं मोठं विकत असतील, तर तो अहवाल तुमच्या दाराचा नव्हेच. दुसरी गोष्ट, दार नेमकं काय अडवून टिकलं. ज्वाळा आणि गरम वायू पलीकडे न जाणं वेगळं आणि दाराची बाहेरची बाजू न तापणं वेगळं. भट्टीत दोन तासांनी तापमान साधारण १०४९ अंश सेल्सिअस असतं. उष्णताही अडवणारं दार म्हणवून घ्यायचं असेल तर बाहेरच्या बाजूचं तापमान सरासरी १४० अंशांपेक्षा आणि कुठल्याही एका जागी १८० अंशांपेक्षा जास्त वाढता कामा नये. आत कागदी हनीकोंब (मधमाशांच्या पोळ्यासारखी जाळी) भरलेली स्वस्त पत्र्याची दारं ज्वाळा अडवतात, पण फार वेळ गार राहत नाहीत. आमच्या मुली जीव घेऊन पळतील तो पॅसेज दीड मीटरचा आहे, दाराला अंग घासूनच जावं लागेल. म्हणून मी आत रॉकवूल (दगडापासून केलेली, न जळणारी लोकर) भरलेलं आणि उष्णतेच्या चाचणीतही टिकलेलं दार घेतलं. फरकाची रक्कम मोठी होती, ह्यांनी दोनदा विचारलं. पण तापलेल्या पत्र्याजवळून घाबरलेल्या पोरींना न्यायचं हा विचारच मला सहन होत नव्हता.

शेवटी घेतलेलं दार असं आहे: दोन पाल्यांचं, एकूण रुंदी चार फुटांच्या आसपास. बाहेरून गॅल्व्हनाइज्ड पत्रा, पाल्याची जाडी ४६ मिमी, चौकट चारही बाजूंनी. एकच रुंद पाला घेतला असता तर उघडल्यावर पॅसेज पूर्ण अडला असता, म्हणून दोन. चौकटीच्या खाचेत फुगणारी पट्टी आहे. काळपट, बोटभर रुंद, नुसतं पाहून तिचं महत्त्व कळत नाही. साधारण दोनशे अंशांच्या पुढे ती फुगते आणि पाला व चौकट यांमधली फट भरून टाकते. खालची चौकट फरशीपासून चार इंच उंच ठेवली, कारण आमच्याकडे पॅसेज रोज धुतला जातो आणि ते पाणी विजेच्या शाफ्टमध्ये जाऊन चालणार नाही. ही उंची आम्ही ऑर्डरमध्येच लिहून दिली. फायर-रेटेड दार जागेवर कापता येत नाही. खालून अर्धा इंच घासलं तरी ते तपासलेलं दार राहत नाही. मापं घ्यायला कंपनीचा माणूस स्वतः आला होता, प्रत्येक मजल्याचं माप वेगळं घेतलं. बांधकामात दोन मजल्यांची मापं कधी सारखी येत नाहीत हे ज्याने घर बांधलंय त्याला माहीत आहे.

मेमध्ये परीक्षा संपून मुली घरी गेल्यावर काम काढलं. बसवणाऱ्या टीमचे मिस्त्री मूळचे उदगीरकडचे, आता पुण्यात राहतात. आल्या आल्या त्यांनी चौकट उतरवलीच नाही. स्टुलावर चढून दाराच्या वरची फॉल्स सीलिंगची टाइल वर ढकलली, आत बॅटरी मारली आणि मला हाक मारली. ‘ताई, दार राहू द्या, आधी ह्ये बघा.’ मी दुसऱ्या स्टुलावर चढून पाहिलं. शाफ्टची भिंत स्लॅबपर्यंत गेलेलीच नव्हती. दाराच्या लिंटेलवर दोन थर वीट चढवून बांधकामवाल्याने सोडून दिलं होतं, वर दीड फूट मोकळं. त्या फटीतून केबलचे गुंते पॅसेजच्या छतात शिरलेले आणि सगळ्यावर धुळीचा जाड थर. खालून पाहणाऱ्याला पांढरी टाइल दिसते, म्हणून इमारतीत राहणाऱ्या कुणालाही याचा पत्ता लागणं शक्य नव्हतं. मिस्त्री म्हणाले, ‘धूर दाराकडं कशाला येईल? वरूनच जायलाय की त्याला रस्ता.’ सगळ्या मजल्यांवर तेच निघालं.

त्यांना दार बसवून बिल करून निघून जाता आलं असतं, कारण भिंत त्यांच्या कामात नव्हती. पण त्यांनी स्पष्ट सांगितलं की भिंत स्लॅबला टेकल्याशिवाय मी चौकट उभी करणार नाही आणि कागदावर सहीही करणार नाही. या एका गोष्टीसाठी मी त्यांना पूर्ण गुण देते. आमच्या गवंड्याने परळीच्या राखेच्या विटा आणून वरचा भाग बांधला, शेवटचा थर स्लॅबखाली मसाला ठासून बंद केला, पाणी मारून वाळू दिला आणि मग दारांचं काम सुरू झालं. तुमच्याकडे फॉल्स सीलिंग असेल तर दाराचे दर मागवण्याआधी एक टाइल उघडून बघा. खर्च शून्य.

चौकट बसवतानाचं कामही मी शेजारी उभं राहून पाहिलं. आधी ओळंबा, मग दोन्ही कर्ण मोजून काटकोन. भोकं पाडून अँकर फास्टनर ठोकले, प्लास्टिकच्या गुट्ट्या नाहीत. मग चौकटीच्या पोकळ पोटात मागून सिमेंट-वाळूचा मसाला भरला. इथे आमच्या गवंड्याने सुचवलं, ‘फोम मारा की, पाच मिनिटात होतंय, कशाला एवढं करायलाव?’ मिस्त्रींनी फोमचा वाळलेला तुकडा घेतला, गॅलरीत नेऊन काडी लावली. तो भुर्रकन पेटला आणि काळा धूर सोडत वितळला. गवंडी पुढे काही बोलला नाही, मसाला कालवायला लागला. चौकटीभोवती साधा फोम मारलेली फायर दारं मी नंतर एका नव्या दवाखान्यात स्वतः पाहिली आहेत. दार दोन तासांचं, आणि त्याच्या भोवतीची फट काडीने पेटणारी.

पाले टांगल्यावर फट मोजायला त्यांनी ३ मिमी जाडीची पट्टी चारही बाजूंनी फिरवली. जिथे ती सैल जात होती तिथे बिजागरीखाली पत्र्याची चकती घालून पाला सरळ केला. दोन पाले मिळतात तिथे एकावर दुसऱ्याची पट्टी चढते, म्हणून बंद करण्याचा क्रम ठरलेला आहे: डावा आधी, वर-खाली कडी लावायची, मग उजवा. हा क्रम त्यांनी आमच्या वॉचमन मामांकडून आणि वॉर्डन ताईंकडून करून घेतला, आतल्या बाजूला मराठीत लिहूनही दिला.

दारासोबत आणखी एक काम त्याच टीमकडून करून घेतलं आणि ते दाराइतकंच मोलाचं आहे. शाफ्टमध्ये प्रत्येक मजल्याच्या स्लॅबला केबलसाठी मोठं भोक असतं. आमच्याकडे ते सताड उघडं होतं. पाचव्या मजल्यावरून वाकलं की खालचा दिवा दिसायचा. त्यांनी केबल ट्रेच्या भोवती खालून फळी धरली, रॉकवूल दाबून भरली, वरून फायरस्टॉप मॉर्टर (आग अडवणारा मसाला) ओतलं, आणि केबल जिथून वर येते तिथे फुगणारं सीलंट बोटाने गोल फिरवून भरलं. भविष्यात केबल टाकावी लागेल म्हणून दोन रिकामे पाइप सोडून त्यांची तोंडं बंद केली. आता खालच्या मजल्यावर शाफ्टमध्ये आग लागली तरी ती त्याच मजल्याच्या कप्प्यात अडेल. नुसती दारं बसवून स्लॅबची भोकं उघडी ठेवली तर पाचही मजल्यांचा एकच शाफ्ट राहतो आणि प्रत्येक दारावर एकाच वेळी ताण येतो.

आता तक्रारी. पहिली कुलपाची. सोबत आलेलं कुलूप किल्ली फिरवल्याशिवाय अडकत नव्हतं. वायरमन दार नुसतं लोटून जायचा, दिसायला बंद, हाताने ओढलं की उघडं. या दारांना वर क्लोजर (दार आपोआप लोटून बंद करणारा दांडा) नसतो, सगळी भिस्त कुलपावर. लोटलं की आपोआप अडकणारं कुलूप हवं होतं. गंजगोलाईत असं कुलूप लगेच मिळालं असतं, पण नवं भोक पाडून बाहेरचं कुलूप घातलं की दाराची चाचणी रद्दच समजायची, म्हणून कंपनीचंच मागवलं. त्यासाठी फोनवर फोन करावे लागले. विक्रीच्या वेळी दिवसातून दोनदा फोन करणारे साहेब नंतर फोन उचलत नव्हते. कुलूप आलं ते पावसाळा संपता संपता. तोवर वॉर्डन ताई रोज रात्रीच्या हजेरीच्या वेळी प्रत्येक दार ओढून बघत होत्या. नवं कुलूप उत्तम आहे, पण ते पहिल्यापासूनच का दिलं नाही याचं उत्तर मला मिळालेलं नाही.

दुसरी तक्रार रंगाची. चौकटीच्या खालच्या कोपऱ्यांत पावडर कोटिंगला पोपडे धरले. आमच्या बोअरचं पाणी जड, त्यात रोजचं फरशी पुसणं. कंपनीने दुरुस्तीचा रंग पाठवला, पण लावायला माणूस पाठवला नाही. ऑर्डर देताना खालच्या पट्टीसाठी स्टेनलेस स्टीलचं आवरण चाचणीच्या अहवालात बसतं का ते विचारा, बसत असेल तर तेच घ्या. आणि भिंतींना रंग देणाऱ्याला आधी सांगून ठेवा: फुगणाऱ्या पट्टीवर आणि धातूच्या लेबलवर ब्रश लागता कामा नये. आमच्याकडे मिस्त्रींनी दोन्हींवर कागदी टेप चिकटवून दिला होता, त्यामुळे वाचलं.

वापराचं सांगायचं तर दार जड आहे, पण बिजागऱ्या मऊ चालतात, आवाज नाही. मुलींना त्याचा काही त्रास नाही. उलट आधी जाळीतून डीबीची घरघर ऐकू यायची ती बंद झाली. शाफ्टमध्ये आता एकही झाडू नाही. ते सामान ठेवायला गच्चीच्या जिन्याखाली वेगळं कपाट केलं, नाहीतर मावशींनी ते कुठेतरी ठेवायचंच. जागा न देता नुसती मनाई केली तर गाद्या महिनाभरात परत शाफ्टमध्ये येतात.

खरा धोका बाहेरून येणाऱ्या माणसांचा आहे. इंटरनेटवाला पोरगा केबल ओढायला आला आणि चौकटीला ड्रिल लावायच्या तयारीत होता. मामांनी थांबवलं, शाफ्टमधले रिकामे पाइप दाखवले. केबल त्यातून गेली आणि पाइपाचं तोंड परत सीलंटने बंद केलं. सीलंटची एक नळी आता ऑफिसमध्येच ठेवते. किल्ल्या तीन ठिकाणी आहेत: मामांकडे, वॉर्डन ताईंकडे आणि ऑफिसमधल्या काचेच्या पेटीत. कुणीही शाफ्ट उघडला की वहीत नाव, वेळ आणि बंद केल्याची सही.

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ प्रमाणे दर जानेवारीत आणि जुलैत परवानाधारक एजन्सीकडून यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा फॉर्म बी द्यावा लागतो. आमच्या एजन्सीचा माणूस सिलिंडर, पंप, होज बघतो. दारं मी त्याला स्वतः हाताला धरून दाखवते: पट्टी जागेवर आहे का, लेबल वाचता येतं का, पाला आपोआप अडकतो का, चौकटीला नवं भोक नाही ना, वरची टाइल उचलून भिंत शाबूत आहे का. सगळे मजले करायला अर्धा तास पुरतो. याचा वेगळा कागद करून फॉर्मसोबत लावते.

पैशांचं: प्लायच्या दाराच्या साधारण पाचपट एका दाराला गेले, भिंत आणि स्लॅबची भोकं भरण्याचा खर्च वेगळा. दर घेताना दार, चौकट, कुलूप, वाहतूक, बसवणं आणि मागून मसाला भरणं हे सगळं एका कागदावर लिहून घ्या. आम्हाला मिळालेल्या सर्वांत स्वस्त दरपत्रकात बसवणं धरलेलंच नव्हतं, स्थानिक फॅब्रिकेटरकडून बसवून घ्या असं खाली बारीक अक्षरांत होतं. माझं मत पक्कं आहे की या कामात दाराच्या किमतीत घासाघीस करा, पण बसवणारी टीम कंपनीचीच घ्या.

पाण्याच्या पाइपांच्या शाफ्टची दारं राहिली आहेत. तिथे पीव्हीसी पाइप आहेत, ते आगीत वितळून स्लॅबमध्ये भोक उघडं पाडतात, म्हणून प्रत्येक पाइपाला स्लॅबखाली फायर कॉलर (आगीत फुगून ते भोक बंद करणारं कडं) लागणार. येत्या मेमध्ये तेही काम काढते आहे. दारं याच कंपनीची आणि मिस्त्रीही तेच हवेत असं ऑर्डरमध्ये लिहिलं आहे. या वेळी लोटलं की अडकणारं कुलूप आधीच, आणि शेवटचे वीस टक्के पैसे सगळी कुलपं तपासून झाल्यावर.